गावातली जुनी केबल लाइन विकत घ्यावी का? एका केबलचालकाचे सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. दारव्हा तालुक्यातील एका तरुणाला गावचे जुने केबलचालक आपला व्यवसाय विकायला तयार आहेत. चार गावे, मिळून २३० जोडण्या, एक लहान कंट्रोल रूम आणि पंचवीस वर्षांपासून ओढलेली लाइन, एवढे त्यात आहे. घरचे म्हणतात की केबल आता संपली. विकणारे काका म्हणतात की केबल कधी संपत नसते. या दोघांत खरे कोण, आणि केबल मुळात आली कशी, एवढी वाढली कशामुळे व आटली कशामुळे, हे कोणी अनुभवी माणसाने नीट सांगावे, असे त्याने विचारले आहे.

मी वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला १९९३ पासून केबल चालवतो. मधल्या काळात शेजारची दोन लहान नेटवर्क मी विकत घेतली. त्यांतल्या एकाने घर चालवले आणि दुसऱ्यात माझे पैसे बुडाले. त्यामुळे हा प्रश्न वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण माझ्या मते ते एकच आहेत. केबल संपली का, याचे उत्तर आपण केबल कशाला म्हणतो यावर अवलंबून आहे. वाहिन्या दाखवून महिन्याची वसुली करण्याच्या धंद्याला केबल म्हणत असाल, तर खेड्यात तो आटला आहे, आणि तुमच्या घरचे बरोबर आहेत. घरापर्यंत पोचलेली तार आणि ती तुटली की त्याच दिवशी जोडणारा माणूस, याला केबल म्हणत असाल, तर त्या तारेवरचा माल आजवर अनेकदा बदलला आहे आणि सध्या पुन्हा बदलतो आहे. म्हणून तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की काका तुम्हाला नेमके काय विकत आहेत: २३० नावांची वही, की उद्याही काही वाहून नेऊ शकेल अशी लाइन?

यात बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. चार गावांमधले अंतर किती, वस्ती दाट की वाड्या-तांड्यांत विखुरलेली, गावात मोबाइलचे नेटवर्क घरात नीट मिळते की गच्चीवर जावे लागते, काकांचा वरच्या एमएसओशी, म्हणजे सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीशी, करार काय आहे, यांवर उत्तर उलटेही होऊ शकते. मी तुमची लाइन पाहिलेली नाही. म्हणून निर्णय सांगण्यापेक्षा मी कसा विचार करतो ते सांगतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला किंवा अंतर वाढले की चित्र येत नाही. केबलचा जन्म या एका अडचणीतून झाला. १९४८ च्या सुमारास अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, डोंगरांमध्ये वसलेल्या महानॉय सिटी या गावात जॉन वॉल्सन हे दूरचित्रवाणी संच विकत होते. गावात चित्रच येत नसल्याने संच खपत नव्हते, तेव्हा त्यांनी डोंगरावर अँटेना उभारून तिथून तार खाली आणली, असे सांगितले जाते. त्याच वर्षी ऑरेगन राज्यातील अस्टोरिया येथे एड पार्सन्स यांनी हॉटेलच्या गच्चीवर अँटेना लावून सुमारे २०० किलोमीटरवरच्या सिएटलचे चित्र पकडले आणि ते तारेने समोरच्या आपल्या घरात आणि मग इतरांकडे नेले. पहिला मान कोणाचा यावर तिकडे वाद आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे हे की दोघांनीही स्वतःचा कार्यक्रम तयार केला नव्हता. जे हवेतून घरात पोचत नव्हते ते त्यांनी तारेने पोचवले. १९७२ मध्ये एचबीओ सुरू झाली आणि १९७५ मध्ये तिने आपले प्रसारण उपग्रहावरून देशभरच्या केबलचालकांना द्यायला सुरुवात केली. तिथून केबलला स्वतःचा माल मिळाला.

आपल्याकडे हा प्रवास उशिरा आणि वेगळ्या वाटेने झाला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. १९७५-७६ मध्ये 'साइट' या प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले, पण त्यात महाराष्ट्र नव्हता. १९८२ मध्ये रंग आले, १९८४ च्या सुमारास देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली, आणि त्यानंतर आमच्या भागात तीस-तीस फुटांच्या लोखंडी पाइपावर चढवलेल्या अँटेना दिसू लागल्या. छपरावरचा माणूस पाइप फिरवत असे, आतला माणूस "आलं, आलं, गेलं" असे ओरडत असे, आणि वारा सुटला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. चित्रावर मुंग्या असत, पण गाव पाहत असे. त्याच काळात मोठ्या शहरांत इमारतीच्या एका खोलीत व्हीसीआर ठेवून त्यावरचा चित्रपट तारेने सगळ्या सदनिकांत सोडण्याची पद्धत पडली. भारतातल्या केबलची सुरुवात ही अशी, कॅसेटवरून झाली. आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांतही एक-दोघांनी तसे केले.

खरे वळण १९९१ चे. आखाती युद्धाची दृश्ये शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत छत्रीवर, म्हणजे डिश अँटेनावर, दिसली आणि त्याच वर्षी एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार टीव्हीच्या वाहिन्या सुरू झाल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आली. ती हिंदी असल्यामुळे तालुक्याच्या गावातला, मग खेड्यातला माणूसही पैसे देऊन जोडणी मागू लागला. मराठीसाठी मात्र आणखी थांबावे लागले: दूरदर्शनची मराठी वाहिनी १९९४ मध्ये, अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ईटीव्ही मराठी २००० मध्ये आली. माझ्या वहीत जोडण्यांचा आकडा सर्वांत वेगाने वाढला तो या शेवटच्या दोन वर्षांत, कारण घरातल्या बायांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी जोडणी मागितली. केबल शहरी चैन असते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

माझी पहिली छत्री दहा फुटी होती, ॲल्युमिनियमच्या जाळीची. एशियासॅट-१ हा १०५.५ अंश पूर्वेला, म्हणजे आमच्या गावातून पाहिले तर आग्नेयेकडे, क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर. छत्री बसवायला आलेल्या कारागिराने होकायंत्र आणि कोनमापक दोन्ही आणले होते, पण शेवटचा अर्धा इंच त्याने हातानेच सरकवला आणि एकदम स्वच्छ चित्र आले. ते मी आजही विसरलो नाही. प्रत्येक वाहिनीला उपग्रहाचा सिग्नल पकडणारा एक रिसीव्हर आणि तो तारेवर चढवणारा एक मॉड्युलेटर लागे. चार वाहिन्या, दूरदर्शन आणि रात्रीचा व्हिडिओ एवढ्यासाठी माझी लहान खोली यंत्रांनी भरली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी दहाच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येई, छत्री सूर्याकडेच पाहू लागे आणि काही मिनिटे चित्र बुडून जाई. पहिल्या वर्षी मी घाबरून सगळ्या जोडण्या उघडून पाहिल्या होत्या.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो, कारण तुमचा व्यवहार यावर ठरणार आहे. तांब्याच्या कोॲक्सियल केबलमध्ये सिग्नल अंतराबरोबर झपाट्याने मरतो, आणि जितकी फ्रीक्वेन्सी वरची तितका लवकर मरतो. आपण मुख्य लाइनला वापरतो त्या आरजी-११ केबलमध्ये ५५० मेगाहर्ट्झच्या आसपास दर १०० मीटरला सुमारे १० डेसिबल जातात (डेसिबल हे सिग्नलची घट-वाढ मोजायचे माप). तीन डेसिबल गेले म्हणजे शक्ती निम्मी झाली. याचा अर्थ दर तीस मीटरला सिग्नल निम्मा होतो. घरात जाणाऱ्या आरजी-६ मध्ये तो याहूनही लवकर जातो, आणि दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की आणखी निम्म्याहून जास्त कमी होतो. म्हणून दर दोन-अडीचशे मीटरवर सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर लागतो. ॲम्प्लिफायर चित्र मोठे करतो, पण खरखरही मोठी करतो आणि स्वतःची थोडी घालतो. एकामागोमाग लावलेल्या ॲम्प्लिफायरची संख्या दुप्पट झाली की चित्र आणि खरखर यांच्यातले अंतर तीन डेसिबलने घटते. म्हणून लाइनच्या टोकाच्या घरात मुंग्या असत. तिथला माणूस महिन्याला पैसे तेवढेच देत असे आणि सर्वांत वाईट चित्र पाहत असे, याची मला नेहमी खंत वाटली.

ॲम्प्लिफायरला वीज लागते. ती आम्ही बहुतेक ठिकाणी जवळच्या एखाद्या घरातून घेत असू आणि त्या बदल्यात त्या घराला जोडणी मोफत देत असू. २००५ नंतरच्या वर्षांत, बारा-बारा तासांच्या भारनियमनात, या व्यवस्थेचे हाल झाले. कंट्रोल रूम जनरेटरवर चालू, ग्राहकाच्या आळीत वीज आहे, पण मधल्या आळीत वीज नसल्यामुळे ॲम्प्लिफायर बंद, म्हणून पुढचे सगळे अंधारात. जून महिन्यात मृगाच्या पावसासोबत वीज पडली की एका संध्याकाळी आठ-दहा ॲम्प्लिफायर जळत. माकडे लाइनीवर झोके घेत. कडब्याने किंवा कापसाने भरलेला ट्रॅक्टर खाली आलेली तार घेऊन जाई. उन्हाळ्यात ४५ अंशांवर केबलचे काळे आवरण तडकते आणि पहिल्या पावसात त्या तड्यातून पाणी शिरते. बाहेरून काही दिसत नाही, आत तारेभोवती विणलेली तांब्याची वेणी हिरवी पडलेली असते. काकांची लाइन पंचवीस वर्षांची असेल, तर ही हिरवी वेणी तिच्यात ठिकठिकाणी असणार, असे धरून चाला.

त्या काळच्या व्यवहाराबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. सिग्नल एकदा तारेवर सोडला की तो प्रत्येक घरात सारखाच जात असे. कोण काय पाहतो आणि एकूण घरे किती, हे फक्त केबलचालकाला ठाऊक असे. सशुल्क वाहिन्या आल्या तेव्हा त्यांना जोडण्यांच्या संख्येप्रमाणे पैसे द्यायचे होते, आणि देशभर केबलचालक ती संख्या कमी सांगत. मीही सांगत असे. वाहिन्या दर वाढवीत, आम्ही आकडा घटवीत असू आणि भांडण कायम राही. दुसऱ्या बाजूला, जुन्या संचांत मोजक्याच वाहिन्या पकडल्या जात आणि खालच्या फ्रीक्वेन्सीवरच चित्र स्वच्छ राही, त्यामुळे आपल्याला चांगली जागा मिळावी म्हणून वाहिन्या मोठ्या नेटवर्कना कॅरेज फी मोजत. खेड्यातल्या केबलचालकापर्यंत त्यातला पैसा क्वचितच आला.

कायदा या सगळ्याच्या मागून आला. १९९४ च्या अध्यादेशानंतर १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) अधिनियम झाला. मुख्य डाकघरात नोंदणी आणि दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे बंधनकारक झाले. त्यानंतर २०११ च्या दुरुस्तीने डिजिटल यंत्रणा सक्तीची केली. पहिल्या टप्प्यात चार महानगरे, २०१३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात नागपूरसह ३८ शहरे, मग उरलेली शहरे, आणि शेवटी ३१ मार्च २०१७ या मुदतीने आपली खेडी. ॲनालॉगमध्ये एका वाहिनीला सात-आठ मेगाहर्ट्झची पूर्ण जागा लागे; डिजिटलमध्ये त्याच जागेत दहा-पंधरा वाहिन्या बसतात आणि प्रत्येक बॉक्सला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे जोडणी दूरवरून चालू-बंद करता येते. आकड्यांचे भांडण तिथे मिटले.

पण मिटताना एक मोठा बदल झाला, आणि तुम्ही तो नीट समजून घेतला पाहिजे. माझी स्वतःची कंट्रोल रूम बंद झाली. इतकी यंत्रणा उभी करणे लहान केबलचालकाला परवडणारे नव्हते, म्हणून सिग्नल एमएसओकडून फायबरने, म्हणजे काचेच्या धाग्यातून, येऊ लागला. बॉक्स त्यांचा, ग्राहकांची यादी त्यांच्या संगणकात आणि बटन त्यांच्या हातात. आमच्याकडे राहिली ती लाइन, दुरुस्ती आणि वसुली. आमच्या सहा छत्र्या भंगारात गेल्या; पहिल्या दहा फुटीची जाळी मात्र शेजाऱ्याच्या विहिरीवर झाकण म्हणून अजून आहे.

केबल आटली ती का, याचे उत्तर इथून पुढच्या काही वर्षांत आहे. डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची मोफत छत्री, म्हणजे आताची डीडी फ्री डिश, सुरू होती. एकदाचा खर्च केला की महिन्याला काही द्यावे लागत नाही. २०१६ च्या अखेरीपासून मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत आली: पहिल्या १०० वाहिन्यांसाठी नेटवर्कचे शुल्क कमाल १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. त्याआधी माझ्या गावात दीडशे रुपयांत सगळे दिसत असे. मी महिनाभर घरोघरी जाऊन, ओट्यावर बसून, वाहिन्यांची यादी भरून घेतली. हप्ता प्रीपेड झाला होता, आणि कापूस विकल्यावर चार महिन्यांचे एकदम देणाऱ्या शेतकऱ्याला 'आधी भरा, मग पाहा' हे जमणारे नव्हते. पूर्वी मी थांबत असे. संगणक थांबत नाही. त्या वर्षी माझ्या जोडण्यांपैकी मोठा भाग फ्री डिशकडे गेला आणि परत आला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे खेड्यातली केबल दरापेक्षाही या उधारीच्या सोयीच्या तुटण्याने जास्त खचली. शहरातल्या अनुभवावर बोलणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटते.

इथवरचे एका ओळीत सांगायचे तर तारेवर आधी अँटेनाचे चित्र गेले, मग कॅसेट, मग उपग्रह, मग डिजिटल; दर वेळी माल बदलला, आणि मालावरचा आपला ताबा दर वेळी थोडा कमी होत गेला.

आता हिशेब पाहू. केबलचालक आणि एमएसओ यांच्यात वेगळा करार नसेल तर नेटवर्क शुल्काची वाटणी एमएसओला ५५ आणि केबलचालकाला ४५ टक्के, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१७ च्या नियमांत ठेवले होते. २३० जोडण्या गुणिले १३० रुपये, त्याचे ४५ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे साडेतेरा हजार. दर आणि नियम नंतर बदलले आहेत, त्यामुळे काकांचा प्रत्यक्ष करार मागून हा हिशेब पुन्हा करा. पण नमुना म्हणून एवढा पुरेसा आहे. यातून एका माणसाचा पगार, पेट्रोल, वीजबिल आणि जळालेले ॲम्प्लिफायर वजा करा. शिवाय २३० हा आकडा वहीतला आहे की संगणकातला, हे विचारा. एमएसओच्या यादीत मागच्या तीन महिन्यांत किती बॉक्स रिचार्ज झाले, तोच खरा आकडा. मी जे नेटवर्क घेऊन बुडालो त्यात वहीवर १८० नावे होती आणि चालू बॉक्स ९४ निघाले. विकणाऱ्याने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही; ज्यांचे पैसे कधीतरी येतील असे त्याला वाटत होते, ती नावेही त्याने मोजली होती.

म्हणजे केवळ वाहिन्यांच्या वसुलीसाठी हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लाइनीसाठी करावा का, हे फायबरवर अवलंबून आहे. वर सांगितले की आरजी-११ मध्ये सिग्नल तीस मीटरला निम्मा होतो. फायबरमध्ये प्रकाशाच्या १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर दर किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल जातात. तिथे निम्मा व्हायला आठ किलोमीटरहून जास्त अंतर लागते. मधे ॲम्प्लिफायर नाही, त्यामुळे कोणाच्या घरची वीज नको, आणि काचेच्या धाग्यातून विजेचा लोळ धावत नाही. जीपॉन या घराघरांत फायबर नेण्याच्या पद्धतीत एका धाग्यावर तीन रंगांचा प्रकाश एकत्र चालतो: १४९० वर इंटरनेट घराकडे येते, १३१० वर घराकडून परत जाते, आणि १५५० वर टीव्हीचा सिग्नल देता येतो. एक धागा ३२ किंवा ६४ घरांत वाटता येतो आणि अंतर वीस किलोमीटरपर्यंत चालते. तुमची चारही गावे एका ओएलटी यंत्रावर, म्हणजे सगळे धागे जिथून निघतात त्या मुख्य यंत्रावर, बसू शकतात. लांबच्या गावातल्या शेवटच्या घराला पहिल्या घराइतकेच स्वच्छ चित्र मिळते, हे मला या धंद्यात अठ्ठावीस वर्षांनी प्रथम पाहायला मिळाले. ज्या आजींना मी वर्षानुवर्षे मुंग्या दाखवल्या त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन जोडणी केली.

खेड्यात ब्रॉडबँडला ग्राहक आहे का? माझ्या भागात आहे, पण तो सगळ्या घरांत नाही. सेतू केंद्र, पतसंस्था, शाळा, कृषी सेवा केंद्र, ज्यांची मुले पुण्याला आहेत आणि रोज व्हिडिओ कॉल करतात अशी घरे, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, एवढ्यांपासून सुरुवात होते. मोबाइलचा टॉवर गावातच असेल तर संख्या कमी राहते. टॉवर दोन-तीन किलोमीटरवर असून स्लॅबच्या घरात रेंज मिळत नसेल तर वाढते. हे तुम्ही स्वतः चार गावांत फिरून एका रविवारी मोजू शकता. ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेटचे फायबर नेण्याची योजना आहे. तुमच्या पंचायतीत ते प्रत्यक्ष चालू आहे का, हेही पाहा. इंटरनेट विकायला तुम्हाला परवानाधारक सेवा पुरवठादाराशी भागीदारी करावी लागेल. केबलचालक म्हणून नोंदणीही लागेल. जानेवारी २०२५ पासून ती डाकघराऐवजी ऑनलाइन आणि पाच वर्षांसाठी होते. काकांच्या नावची नोंदणी तुम्हाला आपोआप चालेल असे गृहीत धरू नका.

फायबर टाकताना आपल्या भागातल्या दोन गोष्टी शहरातला कंत्राटदार सांगणार नाही. एप्रिल-मेमध्ये शेतकरी धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवतात. गावांमधली फायबर शेताच्या धुऱ्यावरून, जमिनीलगत किंवा झुडपांतून नेली तर पहिल्याच उन्हाळ्यात जळेल. माझी सातशे मीटर एका दुपारी गेली. ती रस्त्याच्या कडेने उंचावरून न्या, भलेही अंतर वाढो. दुसरे, महावितरणच्या खांबांवरून परवानगीशिवाय तार ओढू नका. जुन्या केबलवाल्यांनी, माझ्यासकट, हे केले आहे, आणि वाऱ्यात खालची तार वरच्या विजेच्या तारेला टेकून माणसे दगावल्याचे प्रसंग आपल्या धंद्यात घडले आहेत. स्वतःचे खांब महाग पडतात, तरी गावाबाहेरच्या टप्प्यात ते टाका.

मग काकांकडे विकत घेण्याजोगे काय उरते? तांबे बहुतेक बदलावेच लागेल. उरते ती वाट. कोणाच्या भिंतीला ब्रॅकेट आहे, कोणाच्या कडुलिंबावरून तार जाते, कोणाच्या गच्चीवर शिडी न विचारता लावता येते, ही परवानगी कागदावर कुठेच नसते. ती त्या माणसाच्या पंचवीस वर्षांच्या वागण्यावर मिळालेली असते. नव्या माणसाला ती एकेका घरी चहा पिऊन मिळवावी लागते आणि एखादा सरळ नाही म्हणतो. म्हणून व्यवहारात अशी अट घाला की काका स्वतः तुमच्याबरोबर लाइनीच्या खालून चारही गावे पायी फिरतील आणि जिथे जिथे आपला खिळा ठोकलेला आहे त्या प्रत्येक घरी तुमची ओळख करून देतील. याला ते राजी नसतील तर तिथली परवानगी कधीच संपलेली आहे असे समजा.

पाहणीला संध्याकाळी आठ वाजता जा, कारण त्या वेळी सगळे संच चालू असतात. सिग्नल मोजायचे लेव्हल मीटर हातात असू द्या. तुमच्याकडे नसेल तर जवळच्या केबलचालकाकडून एका दिवसासाठी मागा. प्रत्येक गावातल्या शेवटच्या तीन घरांत मोजा. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. चित्र एक तर स्वच्छ असते, नाही तर चौकोन-चौकोन होऊन थांबते, त्यामुळे डोळ्यांनी पाहून लाइन किती काठावर आहे ते कळत नाही. बॉक्सपाशी ५० डेसिबल-मायक्रोव्होल्टच्या खाली आकडा मिळाला, तर ती लाइन पहिल्या पावसात बसेल. शक्य असेल तिथे एखादा जुना कनेक्टर उघडून वेणीचा रंग पाहा.

किंमत ठरवताना मी चालू बॉक्सवर मोजेन, लाइनीच्या तांब्याला भंगाराचा भाव देईन आणि वाटेसाठी, म्हणजे त्या भिंती-गच्च्यांच्या परवानगीसाठी, खुशीने जास्त देईन. आणि सगळी रक्कम एकदम देणार नाही. अर्धी व्यवहाराच्या दिवशी, उरलेली पोळा झाल्यावर, असे लिहून घ्या. मृगाच्या विजा आणि श्रावणाची झड या दोन्हींतून किती जोडण्या चालू राहिल्या ते मोजून दुसरा हप्ता ठरवा. माझ्या बुडालेल्या व्यवहारात मी पूर्ण रक्कम मे महिन्यात, कोरड्या लाइनीवर दिली होती.